मृतांची ओसरी

कैरोजवळ सक्कारामध्ये मेरेरुका नावाच्या वजिराचं थडगं आहे, सुमारे चार हजार तीनशे वर्षांपूर्वीचं. मेरेरुका, त्याची बायको आणि मुलगा यांची मिळून तीसहून जास्त दालनं. भिंतीभर कोरीवकाम आहे. पाणघोड्यांची शिकार, कर थकवला म्हणून मार खाणारे गावप्रमुख, आणि एका भिंतीवर तर तरसांना उताणं पाडून बळंबळं खाऊ घालणारी माणसं. हे सगळं बघत बघत सहा खांबांच्या मोठ्या दालनात आलं की पाय थबकतात. समोरच्या कोनाड्यातून खुद्द मेरेरुका बाहेर येत असतो. पूर्णाकृती पुतळा, डावा पाय पुढे टाकलेला, आणि त्याला खाली फरशीवर उतरता यावं म्हणून पायऱ्या. त्याच्यापुढे नैवेद्याचा दगड.

तो आपल्याला भेटायला आलाय, हे कुणी सांगावं लागत नाही. मी त्या दालनात उभी होते तेव्हा आमच्यातलं कुजबुजणंसुद्धा आपोआप थांबलं होतं.

प्राचीन थडग्यांचं पर्यटन योग्य की अयोग्य, हा वाद जुना आहे. एक बाजू म्हणते की मेलेल्याची झोपमोड करणं हा अपराध आहे, तिकीट लावून तर नाहीच नाही. दुसरी म्हणते, हा साऱ्या माणसांचा वारसा आहे, दारं उघडी टाका. हा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना ज्यांची ही थडगी आहेत त्यांना विचारायचं सुचत नाही, याचं मला नवल वाटतं. कारण त्यांनी उत्तर देऊन ठेवलंय, दगडात कोरून.

इजिप्तमधल्या जुन्या अधिकाऱ्यांच्या थडग्यांच्या दाराशी एक मजकूर पुन्हा पुन्हा भेटतो. अभ्यासक त्याला 'जिवंतांना हाक' म्हणतात. मथितार्थ असा: पृथ्वीवर जगणाऱ्यांनो, या थडग्यावरून जाणाऱ्यांनो, माझ्यासाठी हजार भाकरी, हजार घागरी बिअर, बैल, पाखरं, कापड मागा. हातात द्यायला काही नसलं तर तोंडाने म्हणा, त्यात तुमचा फक्त श्वास खर्च होतो. मृताचं नाव उच्चारलं जात राहिलं तर तो टिकून राहतो, अशी ती श्रद्धा. म्हणजे वाटसरूने आत यावं, चित्रं बघावीत, नाव वाचावं, हा थडगं बांधण्यामागचा एक मुख्य हेतूच होता. ज्याला आज आपण पर्यटक म्हणतो, त्याची वाट बघत ही माणसं बसली होती.

पण त्याच इमारतीत दुसराही भाग असे. दालनांच्या खाली उभी विहीर खणलेली, तिच्या तळाशी दफनाची खोली. देह आत ठेवला, विधी झाले, की ती विहीर दगडमातीने भरून टाकायची. पुन्हा कुणीही तिथे उतरायचं नाही, मुलगाही नाही, पुरोहितही नाही. वरची दालनं ही ओसरी. पाहुण्याने यावं, बसावं, दोन शब्द बोलावेत. खालची खोली पाहुण्यांसाठी नव्हे, खरं तर जिवंतांपैकी कुणासाठीच नव्हे.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही रेघ त्यांनी आखली होती, ती आपण पाळावी. ओसरी उघडी ठेवा, मनापासून उघडी ठेवा, शाळकरी मुलांपासून सगळ्यांना येऊ द्या. दफनाची खोली आणि त्यातला देह मात्र तिकिटाच्या यादीतून काढून टाका.

राजांच्या बाबतीत हे आणखी ठळक आहे. लक्सरच्या पश्चिमेला, राजांच्या दरीत, 'नवं राज्य' म्हणतात त्या, साधारण साडेतीन ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या काळातल्या फारोंनी, म्हणजे राजांनी, डोंगराच्या पोटात थडगी खोदवली आणि त्यांची तोंडं बुजवून टाकली. तिथे ओसरी नाहीच. राजाच्या नावाने पूजा, नैवेद्य, उत्सव, हे सगळं दरीबाहेर, शेतीच्या कडेला बांधलेल्या देवळांत व्हायचं. रामेसियम, मेदिनेत हाबू ही ती देवळं. एकाच राजाच्या मरणाची दोन ठिकाणं: एक लोकांसाठी, दुसरं काळोखासाठी. आपण काय करतो? दरीत रांगा लावतो आणि त्या देवळांवरून घाईघाईने गाडी पुढे काढतो.

थडगी बघायला जाण्याची हौस ही आधुनिक माणसाची खोड आहे, हेही खरं नाही. सक्कारालाच झोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. त्याच्या आवारातल्या एका देवळाच्या भिंतीवर हदनख्त नावाच्या खजिन्याच्या कारकुनाने शाईने लिहून ठेवलंय की दुसऱ्या रामसेसच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी आपण भावाबरोबर मेम्फिस या जुन्या राजधानीच्या पश्चिमेला फिरायला, मन रमवायला आलो होतो. झोसेर तेव्हाच चौदाशे वर्षं जुना झाला होता. हदनख्त पुढे देवांकडे मागतो काय, तर भरपूर आयुष्य आणि म्हातारपणानंतर चांगलं दफन. सहल आणि प्रार्थना एकाच वाक्यात. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. भिंतीवर लिहिलं ते चूकच, पण तो कुठे आलाय याचं त्याला भान होतं.

त्यानंतर ग्रीक आणि रोमन आले. राजांच्या दरीत सहाव्या रामसेसच्या थडग्यात त्यांनी सुमारे हजार नावं-शेरे खरडून ठेवलेत. एकाने लिहिलंय, मला ही लिपी वाचता येत नाही. दुसऱ्या एका पाहुण्याला शवपेटी सोडून काहीच आवडलं नाही, तेही त्याने नोंदवलंय. दोन हजार वर्षांत माणूस बदलला नाही एवढं कळतं. फरक पडलाय तो संख्येत. तेव्हा बोटीने, गाढवावरून येणारे मोजके लोक होते. आता एका सकाळीत बसच्या बस रिकाम्या होतात.

त्या संख्येचा भिंतींवर काय परिणाम होतो हे नीट समजून घ्यायला हवं, कारण 'श्वासाने काय बिघडतं?' असं सहज विचारलं जातं. ही थडगी चुनखडीच्या डोंगरात खोदलेली आहेत. खडकात मूळचंच मीठ आहे. त्यावर गिलावा, गिलाव्यावर रंग. हवा कोरडी आणि स्थिर असेपर्यंत मीठ जागच्या जागी झोपलेलं असतं. माणसं आत आली की घाम आणि श्वासातून ओल येते. मीठ त्या ओलीत विरघळतं, पृष्ठभागाकडे सरकतं, आणि हवा पुन्हा कोरडी झाली की तिथेच त्याचे स्फटिक बनतात. स्फटिकाला जागा लागते. ती तो गिलावा ढकलून करून घेतो. एक दिवस पापुद्रा सुटतो आणि त्याच्याबरोबर तीन हजार वर्षांपूर्वीचा एखादा डोळा, एखादं बोट खाली येतं.

राणी नेफर्तारीचं थडगं १९०४ मध्ये सापडलं तेव्हाच मिठाने पोखरलेलं होतं, कारण ओल पूर्वी कधीतरी शिरून गेली होती. १९८६ ते १९९२ या काळात गेटी संवर्धन संस्था आणि इजिप्तचं पुरातत्त्व खातं यांनी मिळून ते जपलं. १९९५ मध्ये लोकांसाठी उघडलं तेव्हा दिवसाला दीडशे माणसं आणि प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं, असा नियम होता. तरीही पुढे ते पुन्हा मिटावं लागलं. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आतसुद्धा १९९८ मध्ये काम काढावं लागलं. श्वासाच्या ओलीने भिंतींवर आलेलं मीठ काढायला आणि हवा खेळती करायला तो बरेच महिने बंद होता. आत बघायला काय आहे? ग्रॅनाइटची झाकण नसलेली रिकामी पेटी. अर्ध्यावर कमरेत वाकून, धापा टाकत चढून गेलेली माणसं तिच्यात डोकावतात आणि परत फिरतात.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. तरुणपणीच वारलेल्या तुतनखामुन राजाच्या थडग्यात भिंतीवर तपकिरी डाग आहेत, आणि ते पर्यटकांच्या श्वासामुळे पसरतायत असं बरीच वर्षं बोललं जायचं. २००९ पासून दहा वर्षं गेटीने तिथे काम केलं, १९२० च्या दशकातल्या फोटोंशी डाग ताडून पाहिले, तर ते वाढलेलेच नव्हते. डाग पाडणारे सूक्ष्मजीव कधीच मेलेले आहेत. तेव्हा प्रत्येक जखमेचं खापर पर्यटकावर फोडू नये. मात्र त्याच कामात हेही दिसलं की पाहुण्यांच्या बुटाकपड्यांवरची धूळ भिंतींवर बसते, ती पुसावी लागते, आणि प्रत्येक पुसण्यात थोडा रंग जातो. हळूच जातो, पण परत येत नाही.

आता देहाविषयी.

तुतनखामुन अजूनही त्याच्या थडग्यातच आहे. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला ते सापडलं. १९२५ मध्ये शवपेटी उघडली तेव्हा अंत्यविधीत ओतलेल्या राळेने देह पेटीला घट्ट चिकटला होता. तो सोडवण्यासाठी हातपाय धडापासून तोडले गेले, मुखवट्यातून डोकं काढायला तापवलेल्या सुऱ्या वापरल्या. १८-१९ वर्षांच्या मुलाचा देह होता तो. २००७ पासून तो हवामान-नियंत्रित काचेच्या पेटीत आहे. अंगावर कापड, बाहेर फक्त चेहरा आणि पावलं. मी ती पेटी बघितली आहे. चेहरा कोळशासारखा काळा आणि माझ्या अंदाजापेक्षा खूपच लहान. शेजारी उभ्या असलेल्या माणसाने काचेला जवळजवळ नाक लावून फोन उंच धरला, स्वतःचा चेहरा आणि त्या मुलाचा चेहरा एकाच चौकटीत बसवला, आणि हसला. त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही, त्याला दाखवलं ते त्याने बघितलं. राग यायचाच तर दाखवण्यावर यायला हवा. तिथून बाहेर पडताना मला जे वाटलं ते लाजेच्या फार जवळचं होतं.

'तो धर्म आता कुणी मानत नाही, मग दुखावतंय कोण?' हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. दुखावलं जाणारं जिवंत माणूस समोर असेल तरच मान राखायचा, हा हिशेब आपण आपल्या माणसांच्या बाबतीत कधी लावत नाही. शिवाय इथे त्या माणसांची इच्छा अंदाजाने ठरवावी लागत नाही. राजांची थडगी त्यांच्याच काळात चोरांनी फोडली. तेव्हा अमुन देवाच्या पुरोहितांनी फाटकीतुटकी शवं गोळा केली, पुन्हा कापडात गुंडाळली, कुणाचं कोणतं ते कापडावर लिहिलं, आणि देर अल-बहारीच्या कड्यात एका आडजागी नेऊन दडवली. १८८१ मध्ये अधिकारी तिथे पोचले तेव्हा चाळीसहून जास्त देह एकत्र मिळाले, पहिला सेती आणि दुसरा रामसेस हे राजे त्यांत होते. सोनंनाणं गेल्यावरसुद्धा ज्या देहांसाठी एवढा खटाटोप केला गेला, ते कुणी बघावेत अशी इच्छा त्यामागे असणार नाही.

इजिप्तमध्येही याबद्दल एकमत कधीच नव्हतं. राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस कैरोच्या संग्रहालयातलं राजशवांचं दालन बंद केलं गेलं आणि १९९४ मध्ये पुन्हा उघडलं. एप्रिल २०२१ मध्ये अठरा राजे आणि चार राण्या मिरवणुकीने नव्या संग्रहालयात नेण्यात आल्या. तिथे प्रकाश मंद आहे, फोटोला बंदी आहे. हे आधीपेक्षा कितीतरी बरं, यात शंका नाही. पण अजून एक कापड चेहऱ्यावर ओढायला काय हरकत आहे? पेटीपाशी नाव लिहा, राजाची हकीकत लिहा, शास्त्रज्ञांनी केलेल्या सीटी स्कॅनमधून काय कळलं ते लिहा. एवढ्यावर ज्याची उत्सुकता भागत नाही, त्याला आणखी काय बघायचं असतं?

सगळ्यांत वजनदार आक्षेप पोटाचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. लक्सरच्या पश्चिम तीरावरची घरंच्या घरं पर्यटकांवर चालतात. त्यातही, माणसांची वर्दळ हाच थडग्यांचा पहारा असतो. २०११ च्या उलथापालथीनंतर पर्यटक आटले आणि बंदोबस्त ढिला पडला, तेव्हा सक्कारा, दहशूर, अबुसीर भागांत चोरट्यांनी खड्डे खणले. ओस पडलेली स्मशानभूमी सुरक्षित नसते. म्हणूनच 'सगळं बंद करा' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण लोक यायला हवेत याचा अर्थ लोक सर्वांत खोल खोलीतच उतरायला हवेत, असा होत नाही. थीबीच्या, म्हणजे जुन्या लक्सरच्या, डोंगरात अधिकाऱ्यांची चारशेहून जास्त नोंदलेली थडगी आहेत, आणि त्यांची वरची दालनं पाहुण्यांसाठीच रंगवलेली होती. तीही नाजूक आहेत, आळीपाळीने उघडावी लागतील, माणसं मोजून सोडावी लागतील. आमंत्रण आहे म्हणून पाहुण्याने घर मोडायचं नसतं.

खालच्या खोलीसाठी प्रतिकृती आहेत. 'नक्कल बघायला एवढ्या लांब कशाला जायचं' असं म्हणणाऱ्यांनी एक बघावं: राजांच्या दरीतलं सेतीचं थडगं १८१७ मध्ये बेल्झोनी नावाच्या इटालियन शोधकाने उघडलं, आणि १८२१ मध्ये त्याच्या दालनांची नक्कल लंडनच्या पिकॅडिलीत उभी राहिली. ती बघायला झुंबड उडाली होती. मूळ थडग्यात मात्र रंगावर ओला कागद दाबून ठसे घेणं चालू होतं, त्या कागदाबरोबर रंग निघून आला. पुढे शांपोल्यों आणि रोसेलिनी या अभ्यासकांच्या मोहिमेने भिंतीचे तुकडे कापून पॅरिस आणि फ्लोरेन्सला नेले. थडग्याला इजा झाली ती मूळ वस्तू आपल्या हाताला लागावी या हव्यासाने.

आजची प्रतिकृती म्हणजे पुठ्ठ्याचा देखावा नव्हे. तुतनखामुनच्या दफन-खोलीची भिंत न भिंत यंत्राने नोंदून, पृष्ठभागाच्या खरखरीसकट बनवलेली खोली २०१४ पासून दरीच्या वाटेवर, कार्टरच्या घराजवळ आहे. आतली दुभिंत काढताना दक्षिण भिंतीवरच्या चित्राचा एक भाग कार्टरच्या काळातच गेला. प्रतिकृतीजवळ तोही भाग जुन्या फोटोंवरून पुन्हा उभा केलाय. म्हणजे मूळ थडग्यात जे उरलेलं नाही, ते इथे बघता येतं. कठडा नाही, घाई नाही, डाग जवळ जाऊन बघा. पण मूळ खोली थोड्याच अंतरावर उघडी असताना प्रतिकृतीपाशी थांबणार कोण? अर्धवट उपाय असेच वाया जातात.

आणि नकलेला आपण खरंच इतके बिचकतो का? ताजमहालात संगमरवरी जाळीच्या आत आपण बघतो त्या कबरी प्रतीकात्मक आहेत. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत आणि उरुसाचे दिवस सोडले तर सामान्य पाहुण्यांना तिथे उतरता येत नाही. गोलघुमटातही तसंच, वर चौथऱ्यावर दिसतात त्या प्रतिकृती, देह खाली. कुणाला आपण फसवले गेलो असं वाटत नाही. आयर्लंडच्या न्यूग्रेंजमध्ये, पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात, सर्वांत लहान दिवसाच्या आसपास सकाळी सूर्यकिरण बोगद्यातून आत शिरतो आणि सतरा मिनिटं गाभारा उजळतो. तो बघायला सोडत काढतात, हातावर मोजण्याएवढ्यांनाच संधी मिळते. बाकीच्या वर्षभरच्या पाहुण्यांना विजेच्या दिव्याने तो किरण करून दाखवतात, आणि काळोखात उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर तरीही काटा येतो.

न्यूग्रेंजची सोडत मला आणखी एका कारणासाठी पटते: ती पैसा बघत नाही. इजिप्तमध्ये नाजूक थडग्यांवरची गर्दी कमी करायला भारी किमतीची खास तिकिटं काढण्याची पद्धत पडली आहे. गर्दी कमी होते, हे खरं. पण भिंतीला श्वास श्रीमंताचा की गरिबाचा हे कळत नाही, आणि ज्या मुलांच्या देशात ते थडगं आहे ती मुलं बाहेर राहतात. खोली नाजूक असेल तर ती सगळ्यांसाठी मिटवा, संवर्धन करणारे हात वगळून सगळ्यांसाठी. पैसे मोजणाऱ्याला आत सोडायचं असेल तर मग नाजूकपणाचं कारण पुढे करू नका.

न उघडण्याचं धाडस कसं असतं हे चीनमध्ये दिसतं, आणि ते त्यांना ठेच लागूनच सुचलं. १९५६ ते ५८ या काळात त्यांनी मिंग सम्राट वानलीचं थडगं खणलं. बाहेर काढलेलं रेशीम जपता आलं नाही, आणि १९६६ मध्ये माओच्या रेड गार्ड्सनी सम्राटाचे आणि त्याच्या दोन राण्यांचे अवशेष जाळून टाकले. १९७४ मध्ये शेतकऱ्यांना विहीर खणताना मातीचे सैनिक सापडले. तेव्हाही हवा लागताच सैनिकांवरचा रंग मिनिटांत वाळून सुटला. ते सैनिक ज्याच्यासाठी घडवले, त्या चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यावरची टेकडी जवळच आहे. ती त्यांनी आजवर उघडलेली नाही. आत काय आहे याचं कुतूहल साऱ्या जगाला आहे, आणि तरी टेकडी मिटलेली आहे. लोक येतात, बाहेरून बघतात, सैनिकांची दालनं बघतात. कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही.

हे सगळं लिहिताना माझं स्वतःचं काय जाईल याची मला कल्पना आहे. देर अल-मदिना ही राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांची वस्ती. तिथे सेनेजेम नावाच्या कारागिराची दफन-खोली आहे. बुटक्या दारातून वाकून आत गेलं की कमानीच्या छताची चिमुकली खोली, आणि पिवळ्याधमक भिंतींवर सेनेजेम आणि त्याची बायको परलोकातल्या शेतात नांगरतायत, कापणी करतायत, दोघंही शुभ्र कपड्यांत. दिवसभर दुसऱ्यांची थडगी सजवणाऱ्या माणसाने स्वतःसाठी एवढं शेत मागून घेतलं. मी पाहिलेल्या चित्रांत यापेक्षा सुंदर फार थोडी असतील. ही खोली १८८६ मध्ये लाकडी दारासकट मिटलेली सापडली, आतलं सामान जगभरच्या संग्रहालयांत विखुरलं. माझ्या म्हणण्याप्रमाणे ती बंद व्हायला हवी. मी आत उभी होते ती पाच-सहा मिनिटं मला आयुष्यभर पुरतील, आणि ती दुसऱ्या कुणाला मिळू नयेत असं म्हणणं सोपं नाही. तरी म्हणते. तिची प्रतिकृती झाली तर मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन.

सक्काराच्या त्या दालनात आमच्या वाटाड्याने मेरेरुकापुढे उभं राहून दारावरचा मजकूर मोडक्या इंग्रजीत सांगितला होता, हजार भाकरी, हजार घागरी बिअर. मग म्हणाला, तुमच्या भाषेत म्हणा, चालतं. आम्ही चौघंजण होतो. आधी संकोच वाटला, मग एकेकाने म्हटलं, मराठीत, त्याच्या नावासकट. पहारेकरी दाराशी टेकून ऐकत होता. मेरेरुकाचा देह ठेवला होता ती विहीर तिथून फार लांब नव्हती. तिकडे जायचं का, असं कुणी विचारलं नाही.